मिटलेल्या शिंपल्या

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट सांगतो शिंपल्यांची. शेवट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खाडीकाठी एक भट्टीवाला होता. शिंपल्या भाजून चुना करायचा. घरात एक रीत होती. होडीतून आलेली प्रत्येक शिंपली आई हातात घेई. उघडी, रिकामी असेल तर भट्टीच्या पाटीत. मिटलेली असेल तर आत जीव आहे, म्हणून परत पाण्यात. "देवानं मोकळं केलेलं घर उचलावं रे, राहतं नव्हे," ती म्हणे.

पुढे पलीकडे वसाहत उठली. ठेकेदार म्हणाला, दुप्पट चुना द्या, नाहीतर दुसरी भट्टी बघतो.

धाकटा भाऊ हसला. "आई, मिटलेलीचाही चुना पांढराच होतो गं. भिंतीला काय कळतंय?"

"भिंतीला नाही, खाडीला कळतं."

"मग येऊ दे खाडीला भांडायला!"

भट्टीवाल्याला आईचं पटत होतं. पण भट्टी विझली तर घरातली आठ तोंडं खाणार काय? तो म्हणाला, "एवढंच वर्ष, आई. पुढच्या वर्षी पुन्हा तुझी रीत."

आई पाटी सोडून उठली, ती पुन्हा बसली नाही.

माणसाचं 'एवढंच' कधी एवढ्यावर थांबलंय का हो? एकाची तीन वर्षं झाली. चौथ्या वर्षी शिंपल्या उपसायच्या खोऱ्याला नुसता चिखल येऊ लागला. पाणी गाळणाऱ्या शिंपल्याच गेल्या, तशी खाडी गढुळली, मासळीनंही पाठ फिरवली. धाकटा वसाहतीच्या फाटकावर पहारेकरी झाला. ठेकेदारानं दुसरीकडून माल आणला. त्याचं काहीच अडलं नाही.

भट्टीत निखारे तेवढे उरले होते. भट्टीवाला आईपाशी उकिडवा बसला.

"आई, तू इतकी वर्षं मिटलेल्या शिंपल्या कुठं सोडायचीस? तिथं बी उरलं असेल. या खेपेला हात लावणार नाही, नुसता राखीन. वाढल्या की भट्टी पुन्हा पेटवू."

"काळ्या खडकाच्या आडोशाला."

त्यानं निखाऱ्यांवरची राख काडीनं सारली.

"तिथं दाट होत्या, आई. पहिल्याच वर्षी पहिलं खोरं आम्ही तिथंच घातलं."

आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. निखारे आपसूक विझले.

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या भट्टीवाल्याचीही आठवण ठेवा. पापी म्हणून नको. आपल्यातलाच एक म्हणून.