‘काही नाही’ नावाचा उतार

तिनोय गावाच्या वरच्या अंगाला एक उतार आहे. त्याचं नाव ‘काही नाही’. तिकडून रताळ्यांच्या मळ्यात जवळची वाट जाते, पण बायका वळसा घालून जातात. पूर्वी तिथे गाव होतं. एका लग्नाच्या पंगतीवर डोंगर बसला. जे वाचले त्यांनी खाली येऊन घरं बांधली, भाताच्या पायऱ्या रचल्या, जुन्या गावाचं नाव मात्र वरच सोडून दिलं. नाव घेतलं की डोंगर ऐकतो, अशी त्यांची समजूत.

दायावेन याच समजुतीत वाढली, आणि तिथेच घोळ झाला. खालच्या मैदानातला इंजिनियर शाळेसाठी जागा बघायला आला, तेव्हा त्याची भाषा येणारी गावात ती एकटीच होती. उतारावर आधी काय होतं, असं त्याने विचारलं. तिने दगडी बैठकीवरच्या म्हाताऱ्यांना विचारलं. सगळे खाली बघू लागले. त्यांच्यातला सगळ्यांत वडील पुक्लेस, ज्याला सगळे लाकाय म्हणजे आजोबा म्हणत, तो म्हणाला, “काही नाही.” दायावेनने तेच इंजिनियरच्या भाषेत सांगितलं, आणि तो खूश होऊन गेला.

गावात ‘काही नाही’ म्हटलं की डोंगराखाली गेलेली जागा असंच समजत, त्यामुळे तिच्या लेखी तिने सगळं सांगितलं होतं. एवढं ऐकूनही बांधतायत म्हणजे सरकारकडे काही उपाय असेल, असं गाव धरून चाललं. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारणात ते नाव येणार. म्हणून म्हाताऱ्यांनी कौल घ्यायला कोंबडी कापून तिचं पित्त पाहिलं. ते वाईट निघालं. मग दुसरी कापली. चांगलं पित्त निघेपर्यंत कापतच राहिले, आणि त्या दिवशी अख्खं गाव पोटभर जेवलं. असे हे शहाणे लोक!

शाळा उभी राहिली. वादळी पावसाच्या दिवसांत दायावेनची मुलगी गायास सांगू लागली की वर्गाचं दार अडतं. मग वरून येणारा झरा गढूळला, आणि एका सकाळी आटलाच. धो धो पाऊस चालू असताना झरा आटला, म्हणजे पाणी डोंगराच्या आतच साठतंय, हे दायावेनला कळलं. त्याच सकाळी गायास गावाचा नकाशा घेऊन शाळेत निघाली होती. शाळेच्या जागी तिने लिहिलं होतं, ‘पूर्वी मोकळी जमीन’.

“हे कोणी सांगितलं तुला?”

“बाईंनी. तूच म्हणे इंजिनियरला सांगितलंस.”

दायावेनला तेव्हा कुठे उमगलं की आपण काय बोलून बसलो. पोरगी नकाशा गुंडाळून निघूनही गेली.

ती पुक्लेसकडे धावली. लाकाय, तुम्ही वर चला, तुमच्या शब्दाला वजन आहे, म्हणून तिने विनवलं. त्या लग्नाच्या दिवशी पाणी आणायला खाली पाठवलेलं पोर म्हणजे हाच पुक्लेस, म्हणून तो वाचला होता. तो शेकोटीपाशीच बसून राहिला.

“नाव घेतलंस तर तो येईल,” तो म्हणाला.

“तो निघालाय, लाकाय. नाव न घेताच.”

ती एकटीच चढली. वर्गाच्या दारात उभी राहून तिने आयुष्यात पहिल्यांदा ते नाव उच्चारलं, “मालिबेन.” पोरं नुसती बघत राहिली. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. डोंगर सुटतोय, पोरांना खाली न्या, असं तिने बाईंना त्यांच्या भाषेत विनवलं. मैदानातून आलेल्या बाईंनी तिला प्रेमानेच सांगितलं की पाऊस ओसरू द्या, मग बोलू. दायावेनने गायासचा हात धरला, पण बाकीच्यांना सोडून तिचा पाय निघेना. तिला भयंकर लाज वाटत होती.

तेवढ्यात खालच्या वाटेवरून आवाज आला. पुक्लेस काठी टेकत वर येत होता आणि ओरडत होता, “मालिबेन! मालिबेन!” मागोमाग आईचं नाव, बहिणीचं, नवरीचं. पोरांनी लाकायला कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. पोरं घाबरून उठली आणि दप्तरं टाकून घराच्या वाटेने पळाली. पाठोपाठ बाईही, आणि गायासला घेऊन दायावेनही. पोरांचा लोंढा त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली गेला, पण म्हाताऱ्याला त्या वेगाने वळता आलं नाही. दायावेन त्याच्यासाठी परत फिरणार होती. पण डोंगर हलला होता.

पाऊस थांबल्यावर इंजिनियर पुन्हा आला. चिखलाकडे बघत त्याने विचारलं, इथे शाळेखेरीज आणखी काय होतं?

या वेळी दायावेनने कोणालाच विचारलं नाही.

“मालिबेन,” ती म्हणाली. “आणि लाकाय पुक्लेस.”