पाळण्याला बांधलेला बेल्ट

टण्ण! कुणीतरी दार ढकललं आणि खुंटीवरचा माझा लोखंडी आकडा भिंतीवर आपटला. दुपारभर गप्प असलेल्या खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी माझ्याकडे कोण पाहतं?

मित्रांनो, मी एक जुना सेफ्टी बेल्ट आहे. उंचावर काम करणाऱ्याने मला अंगात घालायचं, माझा आकडा पक्क्या जागी अडकवायचा आणि निर्धास्त काम करायचं, एवढ्यासाठीच माझा जन्म. कारखान्यात मला जड वजनं टांगून पाहिली. "हा तुटायचा नाही," असं म्हणून पेटीत भरलं. तेव्हा मी काय ताठ्यात होतो!

इमारतीच्या कामावर मी एका गवंड्याच्या वाट्याला आलो. तो परांचीवर उभा राहून बाहेरच्या भिंतींना गिलावा करायचा. त्याची बायको त्याच कामावर विटा वाहायची. त्यांची तान्ही लेक चिमी खाली जुन्या साडीच्या झोळीत निजायची, कारण मुलांना ठेवायला तिथे दुसरी जागाच नव्हती. सगळीकडे सळयांची टोकं आणि मागे मागे येणारे ट्रक. एक दिवस झोळीची सुतळी तुटली. खाली वाळू होती म्हणून चिमी वाचली. त्याच दुपारी गवंड्याने मला अंगातून काढलं आणि दोन खांबांमध्ये झोळीला बांधलं.

"अहो, आणि तुम्ही?" बायकोने विचारलं.

"मी काय झोपेत काम करतो?"

वरून एक सोबती ओरडला, "बेल्ट राजकन्येला आणि बाप वाऱ्यावर!"

"मी पडलो तर उठेन रे! ही पडली तर हिची आई मला उठू देणार नाही!"

सगळे हसले. मुकादमही हसला. तो रोज येता-जाता ती झोळी बघायचा. गवंड्याने दुसरा बेल्ट मागितला की म्हणायचा, "बघू." चिमीची आई घमेलं उतरवून जाताना मला ओढून बघायची आणि पुटपुटायची, "घट्ट धर हं बाबा." माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मी घट्टच धरलं होतं. वर परांचीची फळी सरकली, तेव्हाही माझ्या आधारावर चिमी झोळीत शांत झोपलेली होती.

गवंडी वाचला, पण त्याचे पाय गेले. आता तो खाटेवरून दाराबाहेरचं जग बघतो. चिमी शाळेत जाऊ लागली, तरी ठेकेदारावरच्या भरपाईच्या दाव्यात कोर्टाच्या तारखा संपत नाहीत. तारखेहून आलं की बायको पिशवी ठेवते आणि चपला न काढताच बसून राहते. मी खुंटीवर विटत चाललो आहे.

आज दार ढकललं ते मुकादमाने.

"वहिनी, उद्या तुमची साक्ष. बेल्ट दिला होता, यांनीच घातला नाही, एवढंच बोला. ठेकेदार तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाहीत."

"आणि झोळीचं?"

"ते कशाला उकरता? तुमच्याच अंगाशी येईल."

तो गेला.

"वकीलबाई काय म्हणाल्या?" खाटेवरून गवंड्याने विचारलं.

"खरं तेच सांगा, म्हणाल्या. बेल्ट कुठे होता तेही सांगा. दुसरा बेल्ट देणं, फळ्या पक्क्या बांधणं, हे त्यांचं काम होतं. भरपाई म्हणजे काही भीक नाही, तुमचा हक्क आहे, म्हणाल्या."

"मग सांग की."

"जीभ रेटत नाही हो. आपल्या पोरीचं नाव घेऊन सांगायचं?"

मित्रांनो, मला तेल-पाणी करा, उन्हात टाकू नका, असं मी म्हणणार नाही. मी तुटलोच नव्हतो. पण उंचावर चढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात माझा एकेक भाऊ असू द्या. आणि कुणी पडलंच, तर त्याच्या घरच्यांना खरं बोलताना घाबरवू नका.

चिमी कोपऱ्यात पाटीवर चित्र काढत होती. आम्हाला वाटलं, तिचं लक्ष नाही. ती उठून आईजवळ आली. आई तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधू लागली.

"आई, हा बेल्ट बाबांनी घालायचा होता?"

"हो गं."

"त्यांनी घातला असता तर ते पडले नसते?"

"नसते पडले."

चिमीने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग पुन्हा आईकडे.

"मग मला कुठे ठेवायचं होतं?"