लाल बटणावरची पाटी

आत्या कामाला होती त्याच लाँड्रीत भाचीला चिकटवलं ते तिनंच. भाऊ गेला, वहिनीनं अंथरूण धरलं आणि पंधरा वर्षांची पोर आत्याच्या आसऱ्याला आली. पहिल्या दिवशी वाटेत तिची उजळणी झाली.

"वय विचारलं तर?"

"अठरा पूर्ण."

"आणि सांगताना खाली बघायचं नाही."

लाँड्री हॉस्पिटलच्या चादरींची. ओली चादर तापलेल्या रोलरखाली सरकवायची आणि पलीकडच्या बाईनं ओढून घ्यायची, एवढंच काम. पण रोलरला चादर काय नि बाही काय, सगळं सारखंच. म्हणून शेजारच्या भिंतीवर लाल बटण होतं. ते दाबलं की मशीन जागच्या जागी थांबे.

तपासणीचा साहेब येतोय म्हटल्यावर मॅनेजरची धांदल उडाली. कपाटामागे धूळ खात पडलेली पत्र्याची पाटी बाहेर आली: 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस या यंत्रावर काम करण्यास सक्त मनाई आहे.' पाटी मशीनजवळच हवी आणि तिथं रिकामा खिळा एकच, बरोबर बटणाच्या वर.

"लावा तिथंच. साहेब गेला की काढू," मॅनेजर म्हणाला.

आत्यानं पाटी लावली. मशीनच्या हादऱ्यानं ती खडखडू नये म्हणून खालून तारेनं पाइपाला आवळूनही टाकली. अर्धवट काम तिला कधी जमलंच नाही. बटण झाकलं गेलं हे तिला दिसत होतं, पण तासाभराचा तर प्रश्न, म्हणून ती बोलली नाही. मग भाचीला तिनं मळक्या कपड्यांच्या खोलीत दडवलं.

साहेबानं पाटी वाचली, मान डोलावली, चहा घेतला आणि गेला. त्याच्याबरोबर नियमही फाटकाबाहेर पडला, पाटी तेवढी मागे राहिली. काम तुंबलं होतं, ती काढायला सवड कुणाला?

भाची पुन्हा मशीनवर उभी राहिली. अंगातला डगला मोठ्या बाईच्या मापाचा, बाह्या दुमडलेल्या. त्यातली एक सुटली.

पोर किंचाळली तसा आत्याचा हात सवयीनं भिंतीकडे गेला आणि पत्र्यावर आपटला. तिनं पाटी ओढली, हिसडली. तार सुटेना. बटण हाताला लागलं तोवर पोरीचा हात कोपरापर्यंत आत गेला होता.

हॉस्पिटलात तिच्या अंगावर त्यांच्याच लाँड्रीतली चादर होती. पायथ्याशी मॅनेजर उभा. डॉक्टरीणबाईंनी वय विचारलं.

"अठरा पूर्ण," पोर म्हणाली. गुंगीतही तिनं नजर खाली केली नाही.

मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. आत्या मात्र पुढं झाली.

"पंधरा," ती म्हणाली. "पंधरा लिहा, बाई. अठरा मी पढवलंय. बटणावर पाटीही मीच बांधली."

"अहो, शुद्धीवर आहात ना?" मॅनेजर कुजबुजला. "नोकरी तर जाईलच, वर तुमच्यावरच शेकेल."

"शेकू दे."

पोर बिचकून आत्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आत्या," तिनं हळूच विचारलं, "माझं सांगायला चुकलं का?"