शेजारचा ब्रेक

नोकरी सोडायची तर नीट आखून सोडायची, असं घरातल्या धाकटीने ठरवलं होतं. एकोणीस वर्षं विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासलेल्या बाईला दुसरं काही जमणारही नव्हतं. तिने एक निळी फाइल केली. तीत टप्पे होते, तारखा होत्या, ‘काय बिघडू शकतं’ असं एक अख्खं पान होतं आणि ते दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. वडिलांचं ड्रायव्हिंग स्कूल पुन्हा सुरू करायचं, एवढी साधी गोष्ट. तिच्या हातात ती नऊ पानांची झाली.

स्कूल म्हणजे तरी काय, एक पांढरी गाडी. टपावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी जादाचा ब्रेक. घरातले बाबा गावाचे मास्तर होते. निम्म्या गावाचा हात त्यांनी स्टिअरिंगवर बसवला होता. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. गाडी दारातच उभी होती. आई रोज सकाळी तिची काच पुसायची. का, ते कोणी विचारत नव्हतं.

ऑफिसात साहेबांनी तिला तीन महिन्यांची बिनपगारी रजा दिली. “हौस फिटली की ये परत,” ते म्हणाले, “तुझी खुर्ची कोणाला देत नाही.” चांगल्या मनाने म्हणाले, म्हणूनच ते जास्त लागलं.

शिकवण्याचा परवाना मिळवायचा तर परीक्षा द्यावी लागते. परीक्षक स्वतः नवशिका होऊन गाडी चालवतो, मुद्दाम चुका करतो आणि उमेदवाराने त्याला शिकवायचं. धाकटी पहिल्या खेपेला नापास झाली. वीस मिनिटांत तिने आपला ब्रेक अकरा वेळा दाबला. त्यातल्या एका वेळी समोर फक्त कबुतर होतं, तेही फुटपाथवर.

“बाई,” परीक्षक विस्कटलेले केस सारखे करत म्हणाले, “तुम्ही शिकवत नाही, तुम्ही वाचवता.”

“वाचवणं वाईट का?”

“वाईट नाही हो. पण मला चूक करूच दिली नाहीत, तर मी सुधारू काय?”

दुसरी संधी तीन आठवड्यांनी होती. ती हुकली की वर्षभर परीक्षा नाही. आणि त्याच आठवड्याच्या शेवटी रजा संपत होती. वर्षभर थांबायचं म्हणजे त्या खुर्चीत जाऊन थांबायचं, आणि एकदा बसलो की आपण उठणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फाइलीतल्या ‘काय बिघडू शकतं’च्या पानावर सगळं होतं, स्वतःचा उजवा पाय तेवढा नव्हता. रस्त्यावरची प्रत्येक गाडी तिला आधीच चेपलेली दिसायची. एकोणीस वर्षं ती गाड्यांचे तसेच फोटो बघत आली होती.

सराव करायचा तर शिकणारं माणूस हवं. नापास मास्तरणीकडे येणार कोण?

“मी आहे की,” आई म्हणाली.

“तू? अडुसष्टाव्या वर्षी?”

“पंचेचाळीस वर्षं मास्तरांच्या घरात काढली. त्यांनी गाव शिकवलं आणि मला म्हणत राहिले, उद्या. तो उद्या तू आण.”

आईचा शिकाऊ परवाना आठवड्यात आला. बंद कारखान्यामागचं मोकळं आवार सकाळी रिकामं असायचं, तिथे दोघी जायला लागल्या. आई स्टिअरिंग असं धरायची, जणू कोणी ते काढून नेणार आहे. गाडी हलली की धाकटीचा पाय ब्रेकवर जायचा.

“अगं, मी अजून काही केलंच नाही.”

“करणार होतीस.”

“माझ्या मनातलं आधी कळत असतं, तर शाळेत असताना मार खाल्ला नसतास.”

पाचव्या दिवशी तिने ब्रेक इतक्या जोरात दाबला की आईचा चष्मा नाकावरून उडाला आणि धाकटीच्या पायाशी जाऊन पडला. तो उचलायला ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

“बाबांनी या ब्रेकचं रबर कधी बदललं होतं?”

“ते कशाला बदलतील? त्यांनी वायपर बदलले नाहीत कधी.”

गाडी अकरा वर्षांची. आईच्या पायाखालच्या तिन्ही पेडलांची रबरं घासून गुळगुळीत झाली होती, एकाचं तर लोखंड दिसत होतं. बाबांच्या ब्रेकवरच्या रेघा मात्र नव्यासारख्या उभ्या होत्या. शंभरेक वेळा दाबला असेल फार तर.

मग तिला आपल्याच सीटच्या पुढच्या कडेचं ठिगळ दिसलं. “हे तू लावलंयस?”

“दोनदा. म्हटलं बसतात मागे आणि फाटतं पुढे कसं?”

धाकटीने उजव्या पायातला बूट काढला, पाय दुमडला आणि मांडीखाली घेतला. घोटा ठिगळाच्या खळग्यात बरोबर जाऊन बसला.

“बाबा पायावर बसायचे,” ती म्हणाली. “ब्रेक दाबला जाऊ नये म्हणून.”

आई बघत राहिली. “म्हणजे तो गुडघा...”

तो गुडघा. बाबा रोज गाडीतून उतरले की दहा पावलं लंगडायचे. धाकटीने त्यांना तीन डॉक्टर दाखवले होते. एक्स-रे तिन्ही वेळा स्वच्छ आला होता. बाबा निमूट बरोबर यायचे, निमूट परत यायचे.

“गुडघा ठणठणीत होता. मुंग्या यायच्या त्यांना.”

“आणि मी सात वर्षं तेल चोळत बसले,” आई म्हणाली. “एका शब्दानं बोलले नाहीत.”

“तेल बरं वाटत असेल.”

आई हसायला लागली. हसता हसता तिने चष्मा पुसायला घेतला, आणि तो पुसायला तिला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी पायावर बसली. पाय बांधला गेला तसं तोंड सुटलं. “पुढे काय दिसतंय?” ती विचारायची. “भिंत,” आई म्हणायची. “मग काय करणार?” “थांबणार.” आणि आई खरंच थांबायची. तरी दाव्यांत मुरलेली बाई ती. पाय सोडवून ब्रेकवर न्यायला किती वेळ लागतो, हे तिने घड्याळ लावून मोजलं आणि एका सेकंदावर येईपर्यंत सोडलं नाही.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी तिच्या दुमडलेल्या पायाकडे पाहिलं. “हे काय?”

“काढायला एक सेकंद लागतो. मोजलाय.”

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि गाडी काढली. वळण उशिरा घेतलं, आरसा पाहिला नाही, तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढायला गेले. प्रत्येक वेळी धाकटीच्या घोट्याखाली काहीतरी उसळलं आणि प्रत्येक वेळी ती नुसती बोलली. ते ऐकत गेले, सुधारत गेले. मग एका गोदामाच्या फाटकातून ट्रक न बघता मागे आला आणि तिचा पाय न सांगता खाली गेला. गाडी ट्रकपासून दोन हातांवर थांबली.

परीक्षकांनी गाडी बंद केली आणि कागद पुन्हा हातात घेतला.

“एकदाच,” परीक्षक म्हणाले.

“एकदाच लागला.”

“तो पाय पुढे सरळ ठेवायला शिका, म्हणजे मला लिहायला सोपं जाईल. पास.”

सोमवारी राजीनामा द्यायला जायचं होतं. आईने किल्ली आधीच हातात घेतली होती. सगळा रस्ता ती सायकलवाल्यांच्या मागून गेली, एकाने मागे वळून तिला पुढे जायचा हात केला, तर ती म्हणाली, “जा बाबा तू, आम्हाला घाई नाही.” ऑफिसच्या आवारात तिने गाडी दोन गाड्यांची जागा अडवून उभी केली. वरच्या खिडकीतून साहेब बघत होते.

धाकटी उतरली. वाटभर दुमडलेला उजवा पाय लाकूड झाला होता. लिफाफा छातीशी धरून ती एक पाऊल लंगडली, दुसरं लंगडली, आणि तिसऱ्याला तिच्या लक्षात आलं, आपण कोणासारखं चालतोय.

मागे गाडीची काच खाली झाली.

“संध्याकाळी तेल गरम करून ठेवते गं,” आई म्हणाली.