ओळ सोडायची नाही

मामांचा आवाज बसला, तेव्हा त्यांच्या कव्वाली पार्टीतल्या सगळ्यांच्या नजरा भाचीकडे वळल्या आणि तितक्याच झटकन दुसरीकडे गेल्या. लहानपणापासून ती मामांच्या मागे बसून त्यांची कव्वाली उचलून धरत आली होती. पण पुढच्या गादीवर बाई?

"आज निभावून ने," पेटी पुढ्यात ओढत मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "लोकांनी मनापासून ऐकलं, तर पार्टी तुझी. नाही तर माझाही इलाज नाही."

आणि दिवस नेमका टीव्हीचा. हल्ली सूफी गाण्याला बरे दिवस आले होते. कानात इअरफोनचे बोळे घातलेली पोरंसुद्धा बसची वाट बघता बघता अल्लाहचं नाव गुणगुणायची. म्हणून चॅनेलनं थेट कार्यक्रम ठेवला होता. समोर टाळ्यांसाठी रोजानं आणलेली माणसं. हिरवा दिवा लागला की वाजवायचं, विझला की गप्प.

"ताई, चार मिनिटं, मग जाहिरात," दिग्दर्शकानं तिच्या कानात यंत्र बसवलं. "अल्लाहकडे वेळ असेल, चॅनेलकडे नाही."

"मग गायलाही जाहिरातवाल्यालाच बसवा की," ढोलकवाला मागून पुटपुटला.

तिनं बिस्मिल्ला म्हणून सूर लावला. पहिले दोन अंतरे भीतीपायी कोरडेच गेले. मग ती त्या ओळीवर आली:

'दार तुझंच, ठोठावणारा हातही तुझाच.'

तिसऱ्या रांगेतला एक धिप्पाड गडी इतका वेळ जांभया देत होता. तो उठून उभा राहिला. डोळे मिटलेले, गालांवर पाणी, अंग डोलतंय. दिवा तर विझलेलाच होता.

तिच्या अंगावर काटा आला. याला हाल आला होता, गाण्यात देहभान हरपलं होतं. आणि अशा वेळी ओळ सोडायची नाही, हे तिनं मामांकडून शिकलेलं. माणूस भानावर येईस्तोवर तीच ओळ. मध्येच पुढे जाणं म्हणजे विहिरीत उतरलेल्याचा दोर कापणं.

"पुढे चला! वेळ संपत आली!" कानात दिग्दर्शक ओरडला.

तिनं मामांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. बोटं मात्र पेटीवर त्याच सुरांत घोळत होती. ठरवायचं तिनंच.

तिनं कानातलं यंत्र काढून गादीवर ठेवलं आणि पुन्हा ओळ घेतली. कधी विनवणी करत, कधी लाडानं भांडत, कधी नुसतं 'तुझंच, तुझंच' म्हणत. ढोलकवाल्यानं ठेका चढवला. भीती कुठल्या कुठे पळाली, आवाज नदीसारखा मोकळा सुटला. दिग्दर्शक सुटलेली बस अडवावी तसे दोन्ही हात हलवत होता. पण आता कुणाला दिव्याची गरज उरली नव्हती. एकानं टाळी धरली, दुसऱ्यानं उचलली, आणि सगळं सभागृह त्या ओळीत आलं. दिग्दर्शकाचे हात हळूहळू खाली आले.

"जाहिरात मागे ढकला," तो माइकमध्ये म्हणाला. "आणि कॅमेरा त्या बिचाऱ्यावर नको. ताईंवर ठेवा."

गड्यानं डोळे उघडले, लाजला, मटकन खाली बसला. शेजारच्यानं त्याला रुमाल दिला. तेव्हाच ती पुढच्या ओळीवर गेली, आणि गाणं संपलं तेव्हा लोक उभे होते.

"जाहिरातवाला फोनवर आग ओकतोय," दिग्दर्शक धापा टाकत आला.

"मग?"

"ओकू दे! मामा, आणखी एक होईल?"

"मला काय विचारता?" मामांचे डोळे चमकत होते. "पार्टी तिची आहे. तिला विचारा."

ती हसली, मांडी नीट घातली.

"सूर द्या, मामा."