टापटिपीचं कपाट

कुंडलिक मूळचा नातेपुत्याचा. सोलापुरात येऊन गिरणीत लागला, आणि जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, झाल्या दिवसापासून त्याला माणसं कमी आणि माणसांच्या चुका जास्त दिसायला लागल्या. दिवसभर गिरणीत शोधून झाल्या, की संध्याकाळी तो घरी येऊन बायकोच्या, सोनाबाईच्या, शोधायचा.

गिरणीच्या चाळीत त्याची एकच खोली. नवरा-बायको, चार पोरं, ज्वारीचं पोतं, वाकळा, पाटा-वरवंटा, गोवऱ्या आणि सोनाबाईची लाल कोंबडी, सगळं तिथंच. चाळीत सगळ्यांचाच संसार असा. म्हणून सगळ्यांनी मिळून गिरणीकडे अर्ज केला होता की प्रत्येक खोलीला लाकडी माळा घालून द्या, म्हणजे निम्मं सामान तरी वर जाईल. गिरणीनं माळा काही दिला नाही. त्याऐवजी कळवलं, की मोठ्या साहेबांची मडम चाळ बघायला येणार आहे, आणि ज्याचं घर सगळ्यांत टापटीप असेल त्याला बक्षीस मिळणार आहे.

"बक्षीस आपलंच," कुंडलिक म्हणाला. "एक चांगलं कपाट घिऊ. पसारा दिसाया नगं."

सोनाबाईला आनंद झाला. तिला कितीतरी दिवसांपासून दुधातुपासाठी जाळीचं लहान कपाट हवं होतं. मांजर दूध ठेवत नव्हतं, आणि घूस भाकरी.

दोघं सात रस्त्याजवळ राजेसाबच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेली. सोनाबाई सरळ जाळीच्या कपाटापाशी गेली. कुंडलिक मात्र दारातच थबकला. समोर उभ्या भल्यामोठ्या सागवानी कपाटाच्या आरशात त्याला एक जॉबर दिसला होता.

"ह्ये कुणाचं?"

"कलेक्टर कचेरीतल्या साहेबाचं होतं," राजेसाब म्हणाला. "साहेब विलायतेला गेला. हे कपाट बघून लई लोक परत गेले. म्हटलं, हे घेणारा माणूस येगळाच असतो."

"अवो, पर ह्यात कोट टांगायची दांडी हाय निस्ती," सोनाबाई म्हणाली. "फळ्या कुटं हायत? दूध का दांडीला टांगू?"

"तुला न्हाय कळायचं," कुंडलिक आरशाला म्हणाला.

कपाट दारातून जाईना. चौकट काढली तेव्हा कुठं ते आत गेलं. खिडकी झाकली, पोरांची निजायची जागा गेली, आणि दुपारीही दिवा लावायची वेळ आली. पण आरसा मोठा होता. त्यात कुंडलिक पुरा मावायचा, फेट्यासकट.

मडम यायच्या सकाळी त्यानं अख्खा संसार कपाटात कोंबला. वाकळा, डबे, पोतं, भांडी, पाटा सगळं आत. पोरांना मारुतीच्या देवळात पिटाळलं. कोंबडी कुठं जाईना, तेव्हा तिलाही आत टाकून किल्ली फिरवली. उरली ती सारवलेली जमीन आणि कोरडी चूल.

मडम आली. बरोबर दुभाषी म्हणून गिरणीचा हेडक्लार्क होता. बाकीच्या खोल्यांत तिनं नाकाला रुमाल लावला होता, तो इथं आल्यावर काढला. आरशात बघून टोपी नीट केली. तेवढ्यात कपाटातून आवाज आला. कुंडलिक मोठ्यांदा खोकला.

"काय वाजलं, विचारतात," हेडक्लार्क म्हणाला.

"नवं लाकूड हाय. कुरकुरतंय."

नवं लाकूड परत ओरडलं. मडम हसली आणि बराच वेळ इंग्रजीत काही बोलली.

"मडमसाहेब म्हणतात," हेडक्लार्कनं सांगितलं, "या गरिबांना किती थोडं लागतं! आणि एवढ्याशा खोलीत किती जागा उरते!"

पहिलं बक्षीस कुंडलिकलाच मिळालं. गुलाबाची फुलं रंगवलेली पत्र्याची ट्रंक. ती ठेवायला खोलीत जागा नव्हती, म्हणून ओट्यावर ठेवली.

आठ दिवसांनी चाळीच्या भिंतीवर नोटीस लागली. माळ्याची गरज दिसत नाही, कुंडलिक जॉबर यांचं घर सर्वांनी बघावं, सहा माणसं राहूनही तिथं जागा शिल्लक राहते.

सर्वांनी बघितलं. पहिला आला शेजारचा कल्लप्पा, अक्कलकोटकडचा कानडी, डोक्यावर वाकळांचं गाठोडं घेऊन.

"एनप्पा कुंडलिक, तुझ्या घरात लई जागा हाय म्हणं? ह्ये ठेव की."

त्याच्यामागून अंबुबाई जातं घेऊन आली. मग कुणाचं उखळ, कुणाचा पाळणा, कुणाची सरपणाची मोळी. कुंडलिक दारात आडवा झाला.

"ह्ये माझं घर हाय!"

"मंग मडमीला तसं सांगायचं हुतं," अंबुबाई म्हणाली, आणि जातं त्याच्या पायाशी ठेवलं.

"आत या की समदी," सोनाबाईनं आतून हाक दिली. "नोटीसच हाय तशी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलेल्या कुंडलिकला स्वतःच्या दारात पाय ठेवता येईना. गिरणीतही माणसं त्याच्या तोंडावर काही बोलत नव्हती. नुसतं, तो जवळून गेला की एकजण कोंबडीसारखा ओरडायचा. पाच-सहा दिवस तो ओट्यावर बसून जेवला.

कपाट परत घे म्हणून तो राजेसाबकडे गेला. राजेसाब म्हणाला, "जॉबरसाब, अशा चिजेला माणूस येगळा लागतो. तो परत कुठून आणू?"

रविवारी कुंडलिक खाली मान घालून कल्लप्पाच्या दाराशी उभा राहिला. "करवत हाय का?"

दोघांनी मिळून कपाट मोडलं. पाठ, बगला, दारं, सगळ्याच्या फळ्या झाल्या. ज्या खोलीला जेवढ्या आल्या तेवढ्या खिळे मारून भिंतीला ठोकल्या. सगळ्यांना पुरल्या नाहीतच. आरसा नळावर टांगला, तिथं त्याला पहिल्याच दिवशी घागर लागून तडा गेला. ज्याचं त्यानं सामान उचलून नेलं, आणि सोनाबाईनं खिडकी उघडली.

महिन्याभरात हेडक्लार्क चाळ तपासायला आला. फळ्या बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"गिरणीच्या भिंतीला खिळे कुणी मारले? उपटा सगळे."

कुंडलिक सवयीनं "व्हय साहेब" म्हणणार, तोच सोनाबाईनं हातोडा आणून हेडक्लार्कपुढं धरला.

"उपटा की तुमीच. पर आदी वरचं समदं धरा जरा." आणि तिनं फळीवरचं दुधाचं भांडं काढून त्याच्या हातात दिलं. मग पिठाचा डबा दिला. कल्लप्पा दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागं अंबुबाई, तिच्याही हातात काहीतरी होतं.

हेडक्लार्कनं भांडं आणि डबा हळूच ओट्यावरच्या ट्रंकेवर ठेवले, कोटावरचं पीठ झटकलं, आणि पुढच्या खोल्या न बघताच निघून गेला.