सहावा ठोका

“सर, त्या काळच्या लंडनच्या रेडिओवर जळकोटची पोरगी चालली असती का?”

विचारलं. एकदाचं विचारलं! शेजारच्या बाकावरच्या समृद्धीनं पैज लावली होती — तू नाहीच विचारणार, रंजे, तुझी टरकते — आणि शिवरंजनीच्या हातातला स्टीलचा चमचा तेवढा घामानं ओला झाला होता. चमच्याच्या खोलगट पोटात तिचाच चेहरा उलटा दिसत होता, कपाळ खाली, हनुवटी वर, आणि त्याच्या मागं इंग्रजीचे राजस सर हसत होते. सर छान हसायचे. तेच तर.

“चालली असती की,” सर म्हणाले. “ठोके द्यायला.”

सगळ्यात आधी समृद्धीच हसली. मग अख्खा दहावी अ.

ठोके म्हणजे वेळेचे ठोके. उद्याच्या स्नेहसंमेलनात सर ‘लंडन रेडिओचा एक दिवस, १९५३’ बसवत होते — सकाळची प्रार्थना, घरातल्या बायकांसाठी गप्पा, कारखान्यातल्या कामगारांसाठी गाणी, जहाजांसाठी समुद्राचं हवामान, लहान पोरांची गोष्ट आणि शेवटी रात्री नऊच्या बातम्या. सगळं मराठीत, पालकांना कळावं म्हणून. थाट मात्र लंडनचा. बातम्यांच्या आधी सहा ठोके पडायचे. तिकडं ते यंत्रातून यायचे, इथं थाळीवर चमचा. सहावा पडला की वाजले नऊ. सहावा पडेपर्यंत कुणीही तोंड उघडायचं नाही, हा सरांचा नियम.

आणि बातम्या माझ्या होत्या. शिवरंजनी उमाशंकर हिच्या. पहिल्या तालमीला तिनं वाचलं होतं — मिठाईवरचं रेशन उठलं, दुकानांपुढं पोरांची झुंबड — आणि वाचताना तिला ती झुंबड खरंच दिसली होती, गालफडं फुगवलेली गोरी पोरं, एकमेकांच्या पायांवर पाय... मागच्या बाकांवरची पोरं ऐकायला पुढं झुकली होती. सरांनी चष्मा पुसला. “आवाज सुंदर आहे गं तुझा. पण उच्चार? तिकडं अशा उच्चारांच्या माणसानं बातम्या दिल्या तर लोक म्हणायचे, खोट्या वाटतात.” कागद तिच्या हातातून निघाला तो निवेदिताच्या हातात गेला, आणि तिच्या हातात ठोक्यांचा चमचा आला. निवेदिता इथली, तुळजापूरचीच, वडील शिक्षक, बोलणं कसं इस्त्री केलेलं. मी खोटी. ती खरी. बरं!

बारा वाजता रंगीत तालीम होती, शाळेच्या कर्ण्यांवरून, सगळ्या वर्गांना ऐकू जाईल अशी. तोवर भूगोल झाला, गणित झालं, आणि शिवरंजनी खिडकीतून देवळाकडं चाललेले भाविक बघत बसली. देवीच्या पायाखाली महिषासुर असतो. तिनं मनातल्या मनात तिथं सरांना ठेवून पाहिलं. चष्मा आडवा येत होता. चष्मा काढून ठेवून पाहिलं. हां, आता बसले बरोबर. मग वाटलं, त्रिशूळ कशाला... रेडिओत माणसाला मारायला त्रिशूळ लागतच नाही. सरांनीच सांगितलं होतं — रेडिओवाले सगळ्यात जास्त शांततेला भितात. नुसती शांतता पडली की ऐकणाऱ्यांना वाटतं, तिकडं काहीतरी भयंकर झालं.

ती जागच्या जागी हसली. गणिताचे सर म्हणाले, उत्तर आलं वाटतं.

आलं होतं.

तालीम छान चालली. जहाजांना वादळाचा इशारा मिळाला, लहान पोरांची गोष्ट संपली. निवेदिता माइकपुढं आली, कागद सरळ धरला. शिवरंजनीनं चमचा उचलला. एक. दोन. तीन. चार. पाच.

आणि हात हवेत ठेवला.

शांतता... बाहेरच्या कर्ण्यातून नुसतं खरखरणं, त्याच्या पलीकडं कुठल्यातरी वर्गातलं बाक सरकल्याचा आवाज, आणि त्या सगळ्याच्या मधोमध माझा हात — सगळी शाळा, हेडमास्तर, तुमचं लंडन, तुमची नऊ वाजण्याची वेळ, सगळं या एका मनगटाला टांगलेलं! किती गोड असतं हे. निवेदिताचे ओठ उघडे होते. नियम होता, ती बोलू शकत नव्हती. मग तिला रडू फुटायला लागलं आणि माइकमध्ये, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं ती कुजबुजली, “रंजे, मार की गं... पाय लटपटायलेत माझे.”

वर्गावर्गातून हसण्याची लाट आली. शिवरंजनी सरांच्या तोंडाकडं बघत राहिली. आता पडेल ते तोंड. आता.

सर पुढं आले, माइक बंद केला आणि मायेनं, अगदी मायेनं म्हणाले, “शिवरंजनी, पाचानंतर सहा येतात, बाळा. जळकोटला शिकवतात की नाही?”

पुन्हा हशा.

मोजता येत नाही! त्यांना वाटलं, मला मोजता येत नाही. एवढा मोठा सूड उगवला आणि त्याला सूड म्हणायचीही माझी लायकी नाही... हात खाली आला तेव्हा त्याला मुंग्या आल्या होत्या.

जिन्यात निवेदितानं गाठलं. डोळे सुजलेले.

“तू मुद्दाम केलंस.”

“हो.”

“माझं काय चुकलं होतं?”

अख्ख्या शाळेत या एकटीलाच कळलं होतं की मला मोजता येतं. आणि हिलाच मी रडवलं. त्या रडण्याची गोडी अजून जिभेवर होती, हे जास्त वाईट.

“उद्याच्या बातम्यांचं तूच बघ,” निवेदिता म्हणाली, “मला आता त्या माइकची भीती वाटते,” आणि नाक पुसत निघून गेली.

जळकोटच्या बसमध्ये शिवरंजनीला वाटत होतं, राग पेटेल. पेटला नाही. सकाळचा भडका होता, हा वेगळाच — थंड, शहाणा, मांडी घालून बसलेला. त्याला आता शांतता नको होती. त्याला बोलायचं होतं.

घरी अव्वा भाकरी थापत होती. अप्पा दुकान बंद करून हायवेची धूळ धूत होते.

“अप्पा, उद्या तुम्ही आणि अव्वा शाळेत पहिल्या रांगेत बसायचं. कुणी उठा म्हणालं तरी उठायचं नाही. बातम्या मी वाचणार आहे.”

“त्या मिठाईच्या? लंडनवाल्यांना बी रेशन हुतं म्हणतीस त्या?” अव्वानं विचारलं.

अप्पांनी तोंड पुसलं, तिच्याकडं नीट बघितलं. “सरांनी परत दिल्या व्हय?”

“दिल्या न्हायत, अप्पा. मी घेणार हाय.”